धुळीआडचा तारकागुच्छ: गर्दी दिसली, पण गुच्छ आहे का?

फोंड्याहून भौतिकशास्त्राच्या एम.एस्सी.ला असलेल्या एका मुलीचा प्रश्न आला आहे. घरच्या लॅपटॉपवर ‘अलादीन’ हा आकाशनकाशा उघडून ती धनु आणि वृश्चिक यांच्या मधला आकाशगंगेचा पट्टा धुंडाळत होती. एका जागी साध्या, दृश्य प्रकाशातल्या चित्रात नुसता काळोख. तीच जागा टू-मास या आकाशपाहणीच्या अवरक्त चित्रात (म्हणजे तांबड्याच्या पलीकडच्या, डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशात) उघडली तर दोन कलामिनिटांच्या (कलामिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) आत तीसेक तांबूस ताऱ्यांचा पुंजका. तिचं विचारणं असं: हा नवा तारकागुच्छ, म्हणजे एकत्र जन्मलेल्या ताऱ्यांचा गट, असू शकतो का? असला तर ते सिद्ध कसं करायचं? धुळीआडच्या ताऱ्यांचं अंतर आणि वय काढतात तरी कसं? आणि यातलं गोव्यात बसून काय करता येईल?

गेली वीस वर्षं माझं काम अवरक्त खगोलशास्त्रातलं, त्यातही बराच वेळ अशा झाकलेल्या गुच्छांवर गेला. आता डिचोलीला घरी असते आणि घरूनच काम करते. उत्तर लांबणार आहे, कारण हे चार प्रश्न मुळात एकच आहेत: धूळ जे दाखवते त्यावर कितपत विश्वास ठेवायचा?

बाय, तुला दिसलेला पुंजका गुच्छ असू शकतो. पण नुसत्या चित्रावरून मी तसं म्हणणार नाही, तूही म्हणू नकोस. धूळ ताऱ्यांना लपवते हे पुस्तकात वाचायला मिळतं. ती नसलेले गुच्छ दाखवतेही, हे काम करताना कळतं.

आधी धूळ समजून घे. एप्रिलमध्ये आमच्या मागच्या उतारावर काजूची भट्टी पेटते. उन्हं कलली की मी मुद्दाम तिथे जाऊन उभी राहते. लाकडांचा धूर वर चढतो, आणि त्याच्या मागे दाट झाडी असली की तो चक्क निळसर दिसतो. वारा फिरून तोच धूर मावळतीच्या सूर्यावरून गेला की सूर्य तांबूस होतो. धूर एकच, रंग दोन. त्यातले बारीक कण निळा प्रकाश आजूबाजूला उधळतात आणि तांबड्याला त्या मानाने सरळ जाऊ देतात. बाजूने पाहणाऱ्याला उधळलेला निळा दिसतो, समोरून पाहणाऱ्याला उरलेला तांबडा. कृत्तिकांभोवतीचं निळसर धुकट वेष्टन हा पहिला प्रकार. तुझे तीस तांबूस तारे हा दुसरा.

पावसाळ्यात चोर्ला घाटात शिरलीस तर वेगळंच दिसतं. धुक्यात समोरच्या ट्रकचा पांढरा दिवा पांढराच राहतो, फक्त फिका होत होत नाहीसा होतो. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे, त्यांना निळा काय नि तांबडा काय, सारखेच. आणि खाणीच्या ट्रकांमागे उडणारी ती तांबडी धूळ? तिचा रंग मातीतल्या लोखंडाचा, उधळणीचा नव्हे. ताऱ्यांमधली धूळ यातल्या भट्टीच्या धुरासारखी आहे. कण साधारण मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) दहाव्या भागाएवढे, काही वाळूच्या जातीचे म्हणजे सिलिकेटचे, काही कार्बनचे. वजनाने पाहिलं तर ढगातल्या वायूच्या जेमतेम शंभरावा हिस्सा. ‘आंतरतारकीय धूळ’ हा शब्द रूढ झाला आहे, पण मला विचारशील तर ‘धूर’ जास्त खरा.

कण तरंगलांबीच्या मानाने जितका लहान, तितका तो प्रकाशाला कमी अडवतो. आमचं सगळं शास्त्र या एका गोष्टीवर उभं आहे. हिशेब करून बघ. आम्ही तेज प्रतींमध्ये मोजतो; प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद. पाच प्रतींचा फरक म्हणजे शंभरपट. समज, मधल्या ढगाची जाडी दृश्य प्रकाशात २० प्रतींची आहे, म्हणजे तो ताऱ्याला तेवढा मंद करतो. म्हणजे ताऱ्याकडून आपल्या दिशेने निघालेल्या दहा कोटी प्रकाशकणांपैकी एक पोचतो. तोच तारा २.२ मायक्रॉनवर, ज्याला आम्ही के पट्टा म्हणतो, तिथे पाहिला तर ढगाची जाडी दृश्याच्या साधारण ११ टक्केच भरते, म्हणजे सव्वादोन प्रती. आठांतला एक कण पोचतो. दहा कोटींतला एक आणि आठांतला एक! आकाशगंगेच्या केंद्राकडे ही जाडी दृश्य प्रकाशात ३० प्रतींच्या आसपास जाते, आणि तरी तिथले आर्चेस आणि क्विंटुप्लेट हे गुच्छ मोठ्या दुर्बिणीतून के पट्ट्यात एकेक तारा मोजता येईल इतके मोकळे दिसतात.

गंमत अशी की धूळ आहे हेच मुळात गुच्छांनी दाखवलं. १९३० मध्ये लिक वेधशाळेतल्या रॉबर्ट ट्रम्पलर यांनी तारकागुच्छांची अंतरं दोन रीतींनी काढली, एकदा आकारावरून आणि एकदा तेजावरून. दूरचे गुच्छ आकारावरून जितके लांब वाटत होते, त्याहून ते फिके होते. मध्ये कोणीतरी प्रकाश खात होतं. पुढे १९६७ मध्ये एरिक बेकलिन आणि गेरी नॉयगेबाउअर यांना मृगातल्या तेजोमेघात, जिथे डोळ्याला काहीच नाही अशा जागी, अवरक्तात झळझळणारा एक बिंदू सापडला. तो घडत असलेला तारा. १९६९ मध्ये नॉयगेबाउअर आणि रॉबर्ट लेटन यांनी ६२ इंची आरशाची दुर्बीण स्वतः बांधून के पट्ट्यातल्या आकाशाची पहिली यादी काढली. तिच्यात सुमारे ५,६०० स्रोत होते. टू-मासने १९९७ ते २००१ या काळात, ॲरिझोना आणि चिलीतल्या १.३ मीटरच्या दोन दुर्बिणींनी, सुमारे ४७ कोटी बिंदू नोंदले. तू जे चित्र उघडलंस ते त्यातलं. मी पीएच.डी.ला असताना, २००३ मध्ये, ती यादी पूर्ण खुली झाली, आणि जगभर लोक त्यात गुच्छ शोधायला बसले. काही नुसत्या डोळ्यांनी चित्रं बघून, काही ताऱ्यांची दाटी मोजणारे प्रोग्रॅम लिहून, काही आधी माहीत असलेल्या तेजोमेघांच्या आजूबाजूला. शेकड्यांनी उमेदवार निघाले. त्यातले किती खरे, हा प्रश्न तेव्हापासून चालू आहे.

माझं पहिलं मोठं काम याच प्रश्नात बुडालं. एका कृष्णमेघाच्या, म्हणजे मागचा प्रकाश अडवणाऱ्या काळ्या ढगाच्या, काठाशी दाटीच्या नकाशात ठळक उंचवटा दिसला. चाळीसेक तारे, बऱ्यापैकी गोल आकार, आजूबाजूच्या मानाने तिप्पट दाटी. मी आठ महिने त्याच्यावर घालवले. अंतर काढलं, वस्तुमानाचा अंदाज केला, लेखाचा मसुदा लिहिला. माझ्या मार्गदर्शकांनी मसुदा वाचून एकच विचारलं, भिंतीमागे दिवा लावलाय की भिंतीला भोक पडलंय? मी आजूबाजूची दाटी मोजली होती ती ढगाच्या जाड भागावर. तिथे मागचे तारे झाकलेले, म्हणून कमी. माझा ‘गुच्छ’ होता तिथे ढगच विरळ होता, म्हणून आकाशगंगेतले मागचे नेहमीचे तारे जास्त दिसत होते. बस्स. त्या रात्री मी एकच आलेख काढला, ताऱ्यांच्या रंगाचा, आणि दहा मिनिटांत निकाल लागला: माझे तारे आजूबाजूच्या ताऱ्यांहून कमी तांबूस होते. झाकलेला गुच्छ असता तर उलटं, निदान बरोबरीचं हवं होतं. मसुदा टाकून दिला. आठ महिन्यांचं दुःख झालं, खूप झालं, पण तेव्हापासून मी कुठलाही पुंजका पाहिला की भोक शोधते, दिवा नंतर.

म्हणून तुझं पहिलं काम हेच. दिसणारी गर्दी मोजण्याआधी तिच्यासमोरची भिंत मोज. हे तारा-तारा करून करता येतं, त्यात काही जादू नाही. टू-मासमध्ये प्रत्येक ताऱ्याच्या तीन प्रती असतात: जे, एच आणि के, म्हणजे १.२५, १.६५ आणि २.१७ मायक्रॉनवरच्या. बहुतेक ताऱ्यांचा स्वतःचा ‘एच वजा के’ शून्य ते ०.३ यांच्या दरम्यान असतो. तारा कुठला का असेना, फार फरक पडत नाही. म्हणून मोजलेला रंग त्याहून जितका जास्त, तितकी धूळ. एखाद्या ताऱ्याचा एच वजा के १.३ आला, त्यातला ०.२ त्याचा स्वतःचा धरला, तर उरलेला १.१ धुळीचा. याला साधारण १६ ने गुणलं की दृश्य प्रकाशातली जाडी मिळते: १७ ते १८ प्रती. असे पाचशे तारे घेतलेस की त्या भागातल्या धुळीचा नकाशा तुझ्या हातात. तारे दिसतात त्यांच्याच रंगावरून जे दिसत नाही त्याचं माप. वीस वर्षं झाली तरी हे करताना मला अजून बरं वाटतं.

आता तुलनेची चौकट. तुझ्या पुंजक्याच्या क्षेत्रफळाएवढ्याच चार-पाच चौकटी जवळपास घे, पण अशा जागी जिथे नकाशाप्रमाणे धुळीची जाडी तितकीच आहे. तशी जागा सापडत नसेल तर विरळ जागेतले तारे घे आणि त्यांच्यावर हिशेबाने तेवढी धूळ चढव: के पट्ट्यात इतकं मंद, एचमध्ये इतकं, जेमध्ये इतकं. त्यात जे इतके मंद होतील की टू-मासला दिसणारच नाहीत, ते वगळ. मग दोन्हीकडचे तारे मोज. तीसपैकी पंचवीस तारे तुलनेच्या चौकटीतही निघाले तर उरलेल्या पाचांवर काही बांधता येणार नाही. तीसपैकी आठ निघाले तर आपण पुढे बोलू. हे सगळ्यात कंटाळवाणं काम आहे, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचंही हेच. लोक इथेच घाई करतात.

तू लिहिलं आहेस की तीसही तारे तांबूस आहेत म्हणून तुला खात्री वाटली. त्या दिशेला ती खूण पुरेशी नाही. धनु-वृश्चिकाकडे पाहताना आपण आकाशगंगेच्या सगळ्यात दाट भागात पाहतो. मागे हजारो म्हातारे, फुगलेले राक्षसी तारे आहेत आणि मधल्या धुळीने तेही सगळे तांबूसच दिसतात. फोंड्याच्या बस स्टँडवर सकाळी नऊला उभी राहिलीस तर गर्दी असते, पण ते एका घरचे लोक नव्हेत. एका घरचे ओळखायचे तर चेहरेपट्टी पाहावी लागते.

कोवळ्या ताऱ्यांची चेहरेपट्टी त्यांच्या तबकडीत असते. तारा घडल्यावर काही लाख ते साधारण एक कोटी वर्षं त्याच्याभोवती वायू आणि धुळीची चपटी तबकडी फिरत असते, जिच्यातून पुढे ग्रह होतात. तबकडीचा आतला काठ हजार-दीड हजार केल्व्हिनपर्यंत तापतो आणि के पट्ट्यात स्वतःच चमकतो. म्हणजे असा तारा के पट्ट्यात असायला हवा त्याहून उजळ दिसतो. आता कागदावर आडव्या अक्षावर एच वजा के आणि उभ्यावर जे वजा एच घे. नुसती धूळ ताऱ्याला या कागदावर एका ठरलेल्या तिरप्या वाटेने वर सरकवते: आडवं एक पाऊल, तर उभं साधारण १.७. आपल्या मघाच्या ताऱ्याचा एच वजा के १.३ होता. तो साधा तारा असून धुळीआड असेल तर त्याचा जे वजा एच अडीचच्या आसपास यायला हवा. समज, तो मोजल्यावर १.७ आला. धूळ त्याला तिथे नेऊच शकत नाही. तो वाटेच्या उजवीकडे सटकला, कारण के पट्ट्यात जास्तीचा प्रकाश आहे. तो बहुधा तबकडीवाला, म्हणजे कोवळा. असे सात-आठ तारे तुझ्या पुंजक्यात एकत्र निघाले आणि तुलनेच्या चौकटींत एखाददुसराच, तर मला झोप येणार नाही.

एक सावधगिरी. टू-मासचा पिक्सेल दोन कलासेकंदांचा (कलासेकंद म्हणजे कलामिनिटाचा साठावा भाग) आहे. दाट जागी दोन-तीन तारे मिळून एक ठिपका होतो आणि त्याचे रंग भलतेच येतात. तेजोमेघाची एखादी उजळ गाठसुद्धा यादीत तारा म्हणून बसते. प्रत्येक नोंदीबरोबर दर्जाची अक्षरं असतात, ती पाहिल्याशिवाय एकही तारा आलेखावर चढवू नकोस. तुझा भाग दक्षिणेकडचा आहे, म्हणून चिलीतल्या ४.१ मीटरच्या विस्टा दुर्बिणीने २०१० पासून केलेली व्हीव्हीव्ही पाहणी वापर. तिचा पिक्सेल ०.३४ कलासेकंदांचा आणि ती टू-मासहून तीन-चार प्रती खोल जाते. फक्त तिथे उजळ तारे डिटेक्टर भरून वाहून जातात, तेवढे टू-मासमधून घ्यायचे.

चेहरेपट्टी आणखी लांब तरंगलांबीवर ठळक होते. स्पिट्झर या ८५ सेंटिमीटर आरशाच्या अवकाश दुर्बिणीने २००३ नंतर आकाशगंगेचा हा पट्टा ३.६ ते ८ मायक्रॉनवर पाहिला. तिथे तबकडीवाले तारे लपत नाहीत. पण तिथेही फसवणारे आहेत: आयुष्याच्या शेवटाला आलेले राक्षसी तारे स्वतःच धुळीचा धूर सोडतात आणि कोवळ्या ताऱ्यांसारखे दिसतात. ते सगळीकडे विखुरलेले असतात, पुंजक्याने नसतात, एवढाच आधार. याउलट ज्यांची तबकडी विरून गेली असे कोवळे तारे अवरक्तात साध्या ताऱ्यांत मिसळून जातात. त्यांना पकडायचं तर क्ष-किरण. कोवळे तारे क्ष-किरणांत सूर्याच्या हजार-हजार पट उजळ असतात आणि ते किरण धुळीतून बऱ्यापैकी सुटतात. २००३ च्या जानेवारीत ‘चंद्रा’ या अवकाशातल्या क्ष-किरण वेधशाळेने मृगाच्या तेजोमेघाकडे जवळपास तेरा दिवस टक लावली आणि सोळाशेहून जास्त स्रोत मिळवले. तुझ्या जागेवर चंद्राची नजर कधी पडली आहे का, ते तिच्या खुल्या संग्रहात पाच मिनिटांत कळतं.

आणि ढग स्वतः? खरा झाकलेला गुच्छ ज्या वायूतून घडला त्याच्यासकट सापडायला हवा. चिलीतल्या १२ मीटरच्या ॲपेक्स दुर्बिणीच्या ॲटलासगल पाहणीत ८७० मायक्रॉनवर थंड धुळीच्या गाठी दिसतात. तुझ्या जागी गाठ आहे का पाहा. गुच्छात एखादा जड, तप्त तारा असेल तर भोवतालचा हायड्रोजन आयनित होतो, म्हणजे त्याचे इलेक्ट्रॉन सुटतात, आणि रेडिओत चमकतो. रेडिओला धूळ नसल्यासारखीच. आपल्याकडे नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटरच्या तीस डिशांचं जीएमआरटी आहे, आणि तिथे अशा आयनित प्रदेशांवर भारतीय गटांनी भरपूर काम केलं आहे. रेडिओ, थंड धूळ आणि तबकडीवाले तारे, तिन्ही एकाच जागी आले की मग भोकाची शंका जवळपास संपते.

अंतराबद्दल सांगायचं तर हीच माझ्या कामातली सगळ्यात कच्ची बाजू राहिली आहे. गाया उपग्रहाने ताऱ्यांची अंतरं अचूक दिली, पण तो दृश्य प्रकाशात पाहायचा. वीस प्रतींच्या भिंतीआड त्याला काही दिसत नसे. कधी गुच्छाच्या कडेचा एखादा मोकळा तारा गायाच्या यादीत सापडतो, आणि तो खरंच त्याच घरचा असेल तर नशीब. एरवी ढगातल्या वायूचा वेग मोजायचा आणि आकाशगंगेच्या फिरण्यावरून तो कुठे असेल ते काढायचं. यात सूर्याच्या कक्षेच्या आतल्या बाजूला एकाच वेगाला दोन अंतरं येतात, एक जवळचं आणि एक लांबचं. तुझ्या दिशेला, केंद्राजवळ, वायू आपल्या नजरेला जवळपास आडवा फिरत असल्याने ही रीत फारच डळमळीत. मग उरतो वर्णपट, म्हणजे प्रकाश तरंगलांबीनुसार वेगळा करून पाहणं. के पट्ट्यात तप्त ताऱ्याच्या वर्णपटात २.१६६ मायक्रॉनवर हायड्रोजनची रेषा आणि हेलियमच्या एक-दोन रेषा असतात. त्यांवरून ताऱ्याची जात, जातीवरून खरं तेज, आणि तेजातून धूळ वजा करून अंतर. नैनीतालजवळच्या देवस्थळला ३.६ मीटरच्या दुर्बिणीवर टॅनस्पेक नावाचा वर्णपटमापक आहे आणि लडाखमध्ये हानलेला, साडेचार हजार मीटरांवर, २ मीटरच्या दुर्बिणीवर टिरस्पेक. मात्र धनु-वृश्चिक तिथून क्षितिजाकडे झुकलेले असतात, म्हणून तुझा उमेदवार तिथे सोपा नाही.

वयाचं घड्याळही तबकड्यांचंच. गुच्छातल्या साधारण निम्म्या ताऱ्यांच्या तबकड्या तीसेक लाख वर्षांत विरतात. म्हणून तबकडीवाल्यांचं प्रमाण किती, यावरून वयाचा अंदाज बांधतात. अंदाजच. एका गुच्छाचं वय मी ‘दहा ते वीस लाख वर्षं’ याहून बारीक कधी लिहिलं नाही.

एवढा खटाटोप का? सूर्यासारखे बहुतेक तारे एकेकटे जन्मत नाहीत, असे गर्दीत जन्मतात, आणि जन्मताना झाकलेले असतात. काही लाख ते काही दशलक्ष वर्षांत आतले जड तारे आपल्या प्रकाशाने आणि वाऱ्याने वायू उधळून लावतात. वायूचं वजन गेलं की ताऱ्यांना धरून ठेवणारं काही उरत नाही आणि बहुतेक गुच्छ पांगतात. चार्ल्स लाडा आणि एलिझाबेथ लाडा यांनी २००३ मध्ये मांडलेला हिशेब असा की झाकलेल्या गुच्छांपैकी जेमतेम ४ ते ७ टक्के कृत्तिकांसारखे बांधीव गुच्छ होऊन टिकतात. म्हणजे कृत्तिका आपल्याला दिसतात ते अपवाद म्हणून. जड तारे किती आणि हलके किती जन्मले, शेजारच्या तप्त ताऱ्याने एखाद्याची तबकडी जाळून टाकली का, ही मोजणी सगळे जण एका ठिकाणी असतात त्या थोड्या काळातच करता येते. आपल्या सूर्याची भावंडं कुठे गेली ते आज कोणाला सांगता येत नाही. उल्कापाषाणांत, जड ताऱ्यांत घडणाऱ्या ॲल्युमिनियम-२६ या किरणोत्सारी द्रव्याच्या खुणा सापडतात, ज्याचं अर्धायुष्य सात लाख वर्षांच्या आसपास आहे. सूर्याच्या जन्मावेळी जवळपास जड तारे असावेत असं म्हणायला त्याचा आधार घेतात.

आता गोव्यातून काय. के पट्ट्यात वेध घ्यायला आपला किनारा योग्य नाही, हे सरळ सांगते. हवेतली वाफ अवरक्त खाते आणि उबदार हवा स्वतःच त्या पट्ट्यात चमकते. म्हणूनच या दुर्बिणी थंड, कोरड्या डोंगरांवर. पण अक्षांश आपल्या बाजूने आहे. गोवा साडेपंधरा अंशांवर असल्याने ज्येष्ठा दक्षिणेला ४८ अंशांपर्यंत चढते, हानलेहून कितीतरी वर. एप्रिलअखेर रात्री दोनच्या पुढे नेत्रावळीकडे किंवा सत्तरीत आतल्या गावात, दिव्यांपासून लांब, नुसत्या डोळ्यांनी आकाशगंगेचा पट्टा बघ. त्यातल्या काळ्या फटी म्हणजे तुझी भिंत. ज्येष्ठेच्या किंचित वर, सुमारे ४५० प्रकाशवर्षांवर, भुजंगधारीतला ऱ्हो ऑफियुकी ढग आहे. द्विनेत्रीतून तिथे तारे कमीच दिसतात, आणि अवरक्तात त्याच जागी शेकडो कोवळे तारे आहेत. १९७३ मध्ये २ मायक्रॉनच्या नकाशात ते पहिल्यांदा उघडे पडले. हिवाळ्यात एखाद्या सार्वजनिक वेधशाळेच्या दुर्बिणीतून मृगाचा तेजोमेघ पाहा. मधले चार तारे, ज्यांना ट्रॅपिझियम म्हणतात, ते आपला ढग फाडून बाहेर आलेल्या गुच्छाचे. त्यांच्या मागच्या ढगातले त्यात दिसणार नाहीत.

बाकी काम टेबलावरचं आहे, आणि त्याला जूनपासून सप्टेंबरपर्यंतचा आपला पाऊस उत्तम. सगळी माहिती खुली आणि फुकट: स्ट्रासबर्गच्या खगोलीय माहिती केंद्रातल्या सिम्बाड आणि व्हिझियर या याद्या, आणि आलेख काढायला टॉपकॅट हा प्रोग्रॅम. पहिल्या संध्याकाळी फक्त सिम्बाडमध्ये तुझ्या जागेभोवतीचे पाच कलामिनिटं शोध. कोणी आधीच नोंदलेला निघाला तर वाईट वाटून घेऊ नकोस. नोंदलेल्या उमेदवारांतल्या पुष्कळांची नीट तपासणी झालेलीच नाही, आणि तुझा एम.एस्सी.चा प्रकल्प तेवढ्यातच उभा राहतो.

दुसऱ्या संध्याकाळी तीनही प्रती आणि दर्जाची अक्षरं उतरवून घे. जे पट्ट्यात दिसतच नाहीत असे तारे वेगळे काढून ठेव, फेकू नकोस. सगळ्यात जाड भिंतीआडचे तेच असतात. मग पुंजका आणि तुलनेच्या निदान चार चौकटी, पाचही आलेख एकाच मापावर, धुळीची ती तिरपी वाट आखून. ते पाचही मला पाठव, आणि वाटेच्या उजवीकडे गेलेल्या प्रत्येक ताऱ्याचं व्हीव्हीव्हीतलं छोटं चित्र सोबत जोड, म्हणजे तो एकच तारा आहे की दोन, ते आपल्याला आधी ठरवता येईल.